कंपनीची संस्कृती ओळखायची कशी? सर्व्हे, वर्कशॉप की आणखी काही? (मकरपुरा, बडोदा)

मांजलपूरकर

नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये एचआर बघते. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग मशिनिंग करून देणं हे मुख्य काम. माणसं साधारण १६०. निम्म्याहून थोडी जास्त कायम, पन्नासच्या आसपास ठेकेदाराची, बाकी ऑफिस. दोन शिफ्ट. शेठ आणि त्यांचा मुलगा दोघंही रोज फ्लोअरवर असतात.

अडचणी अशा. नवीन घेतलेली मुलं तीन महिन्यांच्या आत सोडून जातात. ग्राहकाकडून माल परत आला की मागाहून कळतं, मशीनवरच्या माणसाला ते तेव्हाच दिसलं होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. आणि प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं आपसात अजिबात पटत नाही. शेठ म्हणतात, "आपलं कल्चर सुधारायला पाहिजे." रिसेप्शनमध्ये पाच मूल्यांचा इंग्रजी बोर्ड आहेच. आता एका कन्सल्टंटचं कोटेशन आलंय: साठ प्रश्नांचा सर्व्हे आणि हॉटेलात एक दिवसाचं वर्कशॉप.

संस्कृती म्हणजे नेमकं बघायचं काय? सर्व्हे आधी करावा का? आणि एचआरने स्वतः सुरुवात करायची तर कुठून? भाषण नको, काय करायचं ते सांगा.

---

विश्वामित्री

ताई, भाषण देत नाही, पण एक चौकट लागेल. तिच्याशिवाय काय बघायचं तेच ठरत नाही. एमआयटीचे एडगर शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितले. वरचा थर डोळ्यांना दिसणारा: कोण कुठे बसतो, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो, मीटिंग किती वाजता ठरते आणि किती वाजता सुरू होते, चहा कुठे पितात. मधला थर म्हणजे आपण जे तोंडाने सांगतो: तुमचा पाच मूल्यांचा बोर्ड, "क्वालिटीशी तडजोड नाही" वगैरे. आणि तळाचा थर म्हणजे कुणीही बोलून दाखवत नाही, पण सगळे धरून चालतात ते: "डिस्पॅचच्या आड येणारा माणूस टिकत नाही", "वाईट बातमी आणणाऱ्यालाच ती निस्तरावी लागते". माणसं वागतात ती या तिसऱ्या थराप्रमाणे.

तिसरा थर थेट विचारून कळत नाही. वरच्या दोन थरांत जिथे विसंगती दिसते तिथे तो सापडतो. बोर्डवर "सुरक्षा प्रथम" आहे आणि मशीनच्या गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडं असेल तर मशीन चालू न देणारी कळ) तार बांधून बायपास केलेला आहे. सुपरवायझर दिवसातून वीस वेळा तिथून जातो. तेव्हा विचारायचं: हे सगळ्यांना चालतं, तर इथे काय खरं मानलं जातं?

पद्धत सांगते. मुळात संस्कृतीपासून सुरुवात करूच नका, एक नेमकी अडचण घ्या. तुमच्याकडे ती तयार आहे: "दोष दिसतो, पण सांगितला जात नाही." बारा ते पंधरा माणसं घ्या, सगळ्या थरांतली: ऑपरेटर, सेटर (मशीन लावून देणारा), इन्स्पेक्टर, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स. त्यात दोन तरी वर्षभरात आलेले असू द्या, कारण जुन्यांना ज्या गोष्टी दिसेनाशा झालेल्या असतात त्या नव्यांना टोचतात. ऑपरेटर आणि त्याचा थेट सुपरवायझर एकाच गटात नको. शेठ नको, मुलगाही नको. वेळ तीन तास, शिफ्टच्या वेळेत, पगारी. हॉटेल कशाला? कँटीन पुरे.

पहिला तास: कंपनीत नवीन माणूस आला तर पहिल्या आठवड्यात त्याला काय काय दिसेल, एवढंच मोठ्या कागदावर लिहीत जा. बरं-वाईट ठरवू नका. पन्नास-साठ गोष्टी सहज होतात. नंतर अर्धा तास: कंपनी काय म्हणते, बोर्डवर काय, मीटिंगमध्ये काय. मग दोन्ही कागद शेजारी लावून न जुळणाऱ्या जोड्या शोधा. इथे घाई केली की सगळं फुकट जातं. प्रत्येक जोडीसमोर एक वाक्य लिहून काढा: "आपण असं वागतो, म्हणजे आपण असं धरून चालतो की..." हे वाक्य गटाने पूर्ण करायचं, तुम्ही नाही. शेवटी यातली कोणती समजूत अडचण सोडवायला मदत करेल आणि कोणती आड येते, एवढं ठरवा. मदत करणाऱ्याही निघतात, त्या विसरू नका. संस्कृती म्हणजे नुसता दोषांचा पाढा नव्हे. छोट्या युनिटमध्ये "मशीन अडलं तर शिफ्ट संपली तरी माणूस घरी जात नाही" ही समजूत सोन्यासारखी असते.

दुसरं, संस्कृती घडते कशाने याचीही शाइननी यादी दिली आहे. पहिल्या प्रतीची साधनं सहा: मालक रोज काय विचारतो आणि काय मोजतो, संकटात कसा वागतो, पैसा कुठे घालतो, स्वतः काय करून दाखवतो, बक्षीस आणि मान कुणाला मिळतो, आणि कुणाला घेतात, वर चढवतात, काढून टाकतात. दुसऱ्या प्रतीत रचना, नियम, समारंभ, इमारत आणि त्या यादीच्या अगदी शेवटी लेखी मूल्यं. म्हणजे बोर्ड तेव्हाच चालतो जेव्हा आधीच्या सहाही गोष्टी त्याच्या बाजूने असतात. शेठ सकाळी आल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात ते आठवडाभर लिहून ठेवा. "काल किती पीस गेले?" असाच रोज असेल तर ऑपरेटर गप्प का राहतो त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

---

व्हर्नियर

विश्वामित्रीताईंची पद्धत योग्य आहे, पण गट बसवायच्या आधी दोन दिवस कागद वाचा. माणसं बोलताना सांभाळून बोलतात, रजिस्टर भरताना तेवढं भान नसतं.

सुरुवात इन-प्रोसेस, म्हणजे काम चालू असतानाच्या तपासणीच्या तक्त्यापासून. समजा ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५.०० अधिक-उणे ०.०२ मिमी आहे आणि दर तासाला रीडिंग घ्यायचं आहे. खऱ्या मशीनवर इन्सर्ट (धातू कापणारा तुकडा) झिजतो तसा हा व्यास हळूहळू वाढत जातो: २४.९९, २५.००, २५.००, २५.०१. मग ऑफसेट (झिजेइतकी मापाची दुरुस्ती) दिला की पुन्हा खाली येतो. आकडे असे करवतीच्या दातांसारखे वर-खाली जायला हवेत. तुमच्या तक्त्यात आठही तास २५.०० लिहिलेलं असेल, एकाच पेनने, एकाच वळणात, तर तो तक्ता शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरलेला आहे. हे ऑपरेटरच्या चारित्र्याचं लक्षण समजू नका. तक्ता फक्त ऑडिटसाठी असतो, तो कुणी वाचत नाही, हे त्याला कळलेलं आहे.

दुसरा कागद डेव्हिएशन नोट, म्हणजे मापाबाहेरचा माल सवलतीत पास केल्याची नोंद. मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या काढा आणि पार्ट नंबरप्रमाणे लावा. एकाच भागाला, एकाच मापासाठी तीनदा-चारदा सवलत दिसली की समजा, मापाबाहेर जाणं आता रीतसर झालं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. त्याच्या रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी रिंगांची झीज आधीच्या उड्डाणांत दिसलेली होती. दरवेळी यान सुखरूप परतलं, म्हणून ती झीज "चालण्यासारखी" ठरत गेली. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी हीच प्रक्रिया उलगडून दाखवली: कुणी नियम मोडायचा म्हणून मोडत नाही, एकदा खपलं की मर्यादा थोडी सरकते, आणि सरकलेलीच पुढच्या वेळी मूळ मर्यादा होऊन बसते. तुमच्यासाठी सोपा नियम: एकाच मापाला तिसरी डेव्हिएशन नोट निघणार नाही. एक तर ग्राहकाशी बोलून ड्रॉइंग बदलून घ्या, नाही तर प्रोसेस सुधारेपर्यंत तो भाग थांबवा.

तिसरं डिस्पॅच. महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत किती माल बाहेर जातो ते काढा. निम्मा माल त्या पाच दिवसांत जात असेल तर प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं भांडण माणसांच्या स्वभावाचं नाही, वेळापत्रकाचं आहे. दोन्ही माणसं बदलून बघा, पुढच्या महिनाअखेरीला नवी माणसं तशीच भांडतील.

आता ऑपरेटर बोलत का नाही. रात्री अकरा-चाळीसला बोअर (भागातलं भोक) मोठा झाल्याचं त्याच्या लक्षात येतं. मागच्या तपासणीनंतरचे चाळीस पीस ट्रेमध्ये आहेत. सांगितलं तर चाळीसही परत मोजा, टार्गेट गेलं, शिफ्टचा इन्सेन्टिव्ह गेला, बरोबरच्या तिघांचाही गेला, आणि सुपरवायझरचं पहिलं वाक्य "आधी का नाही बघितलंस?" नाही सांगितलं तर कदाचित चार पीस खराब निघतील, ग्राहकाला दोन महिन्यांनी कळेल आणि तोवर कुणाचं नावही लागणार नाही. गप्प राहणं हा त्याचा सरळ हिशेब आहे. हिशेब बदला, बोलणं आपोआप सुरू होईल.

त्यासाठी एकत्रच करायच्या गोष्टी: स्वतःहून थांबवलेल्या आणि दाखवलेल्या पीसचा इन्सेन्टिव्ह कापायचा नाही. तपासणीचं अंतर एवढं ठेवायचं की मागे जाऊन मोजायचे पीस वीसच्या वर जाणार नाहीत. शेवटचा बरोबर निघालेला पीस सापडेपर्यंतच मागे जायचं, पूर्ण लॉट उपसायचा नाही. आणि सुपरवायझरने पहिलं वाक्य ठरवून घ्यायचं: "थांबवलंस ते बरं केलंस, दाखव." ऐकायला किरकोळ वाटेल, पण फ्लोअरवरची माणसं तेच वाक्य लक्षात ठेवतात.

टोयोटाच्या कारखान्यात अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, तिच्याबद्दल एक गैरसमज आहे, म्हणून लिहितो. दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही. आधी दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरीमागे येणारा माणूस हा तिचा खरा भाग. आपल्याकडे लाल दिवा बसवतात, पण येणारा माणूस नेमत नाहीत, आणि महिन्याभरात दिव्यावर धूळ बसते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा प्लांट १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर तो पुन्हा सुरू झाला, बहुतेक तेच कामगार, तीच युनियन. आधी वीस टक्क्यांच्या घरात असलेली गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली. माणसं तीच होती. त्यांनी मदत मागितली तर पुढे काय होतं, ते बदललं होतं.

शेठना एक गोष्ट मात्र सुरुवात करण्याआधीच सांगा: पहिले दोन-तीन महिने रिजेक्शनचा आकडा वाढेल. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण तिथे चूक लपवली जात नव्हती. म्हणून एकूण रिजेक्शन बघू नका. आत पकडलेलं किती आणि ग्राहकाने पकडलेलं किती, हे प्रमाण बघा. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्याच महिन्यात शेठ म्हणतील, "या कल्चरने तर माल बिघडला," आणि सगळं गुंडाळलं जाईल.

---

प्रतापनगर

दोघांनी सर्व्हेला बाजूलाच सारलं, ते मला पटत नाही. पंधरा जणांच्या गटात बोलके येतात. ठेकेदाराचा माणूस, दुसऱ्या शिफ्टचा हेल्पर, पॅकिंगच्या बायका तिथे बसल्या तरी बोलत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला गुप्त कागद लागतो. फक्त तो नीट करावा लागतो, आणि साठ प्रश्न हे पहिलं चुकीचं पाऊल आहे.

आपल्याकडे तयार साधन आहे. उदय पारीक यांनी भारतीय संस्थांसाठी ऑक्टापेस नावाची प्रश्नावली केली. पारीक आणि टी. व्ही. राव या जोडीने १९७० च्या दशकात एल अँड टीमध्ये मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था उभी करून दिली होती, त्यांचंच हे घराणं. आठ मूल्यं मोजतात: मोकळेपणा, अडचणीला सामोरं जाणं, विश्वास, आत-बाहेर एकच असणं, पुढाकार, स्वायत्तता, सहकार्य, प्रयोगशीलता. विधानं चाळीस. चोवीस मूल्यांवर, सोळा समजुतींवर, आणि उत्तरं चार पायऱ्यांत. मधली "सांगता येत नाही" ही पायरीच नाही, हे आपल्या माणसांसाठी फार चांगलं, नाही तर सगळे मधेच टिक करून मोकळे होतात.

कॅमेरॉन आणि क्विन यांचं दुसरं साधन कन्सल्टंट लोकांना फार आवडतं. सहा मुद्दे, प्रत्येकात चार पर्याय, आणि चौघांत शंभर गुण वाटायचे, एकदा आजच्या स्थितीसाठी, एकदा हव्या असलेल्या स्थितीसाठी. त्यातून कंपनी कुटुंबासारखी, नव्याच्या शोधातली, बाजारमुखी की कायद्या-शिस्तीची हे चित्र निघतं. ऑफिस आणि सुपरवायझर यांच्यासाठी ठीक. फ्लोअरवर शंभर गुण वाटायला देऊ नका, माणसं सरळ पंचवीस-पंचवीस लिहितात.

करताना काय बिघडतं ते सांगतो. कागदावर विभाग, शिफ्ट, वय आणि नोकरीची वर्षं चारही विचारली की माणूस ओळखता येतो. ते त्यालाही कळतं, मग सगळीकडे "उत्तम". फक्त विभाग किंवा फक्त शिफ्ट विचारा. दहापेक्षा कमी उत्तरं असलेला गट वेगळा दाखवायचा नाही, शेजारच्या गटात मिसळायचा. भाषा किमान गुजराती आणि हिंदी हव्यात. भाषांतर झालं की ते न वाचलेल्या दुसऱ्या माणसाकडून उलट मूळ भाषेत करून घ्या, अर्थ कुठे सरकला ते लगेच दिसतं. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रश्न बाहेरच्या माणसाने मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर खूण करावी. सुपरवायझर खोलीत नको, एचआरही नको. बोनस किंवा पगारवाढीच्या महिन्यात करू नका, तेव्हा उत्तरं पैशाबद्दलच येतात.

निकाल वाचताना सरासरीला फसू नका. विश्वासाचे गुण चारपैकी २.८ म्हणजे बरे वाटतात, पण सुपरवायझरांचे ३.५ आणि ऑपरेटरांचे २.१ असतील तर एका छपराखाली दोन कंपन्या आहेत. ती दरी हाच निकाल. आणि काय निघालं ते चार आठवड्यांच्या आत फ्लोअरवर, त्यांच्या भाषेत, एका पानावर सांगा. सर्व्हे घेऊन गप्प बसणं हे सर्व्हे न घेण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

---

विश्वामित्री

@प्रतापनगर दादा, न बोलणाऱ्यांबद्दल म्हणालात ते मान्य. तरी क्रम उलटा ठेवा असं मी म्हणेन. प्रश्नावली मोजते ती हवा: आज लोकांना कसं वाटतंय. मुळात काय धरून चाललेत ते तिच्यात येत नाही, कारण प्रश्न बाहेरच्याने ठरवलेले असतात. या युनिटचं दुखणं "मोकळेपणा"मध्ये बसतं की रात्री अकरा-चाळीसच्या इन्सेन्टिव्हमध्ये, हे चाळीस विधानांतून कळणार नाही. आधी कागद आणि गट, मग हेच पसरलेलं आहे का ते बघायला पंधरा प्रश्नांचा छोटा सर्व्हे. साठ तर नकोच.

---

मांजलपूरकर

खूप कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. तपासणीचे तक्ते आजच काढले. व्हर्नियरदादा, आठही तास एकच आकडा, अगदी तुम्ही म्हणालात तसाच.

आणखी तीन गोष्टी विचारते. शेठना हे सांगितलं तर ते म्हणतात, "माझी केबिन सगळ्यांना उघडी आहे, कुणीही यावं." आणि खरंच, दार उघडंच असतं. दुसरं, शेठ एक सांगतात आणि मुलगा दुसरं, त्यामुळे क्वालिटीवाले थांबवतात आणि कुणाच्या तरी फोनवर माल सुटतो. तिसरं, नवीन मुलं जातात त्याचं काय? आता नवरात्र येतंय, दुसऱ्या शिफ्टला निम्मी माणसं नसतील, दरवर्षी त्यावरून कटकट होते, त्यात नवीन आणखी दोन-चार जातात.

---

विश्वामित्री

उघडं दार: त्या दारातून आत गेलेल्यांची यादी करा, नावं नको, फक्त हुद्दे. मॅनेजर, अकाउंटंट, जुने दोन-तीन फोरमन, एवढीच निघेल. ऑपरेटरला तिथे जायचं म्हणजे सगळ्या फ्लोअरसमोर चालत जायचं आणि स्वतःच्या सुपरवायझरला ओलांडायचं. दार उघडं असून उपयोग काय, चालणं त्यालाच आहे. हॉफ्स्टेड यांनी १९६७ ते १९७३ मध्ये आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची तुलना केली, त्यात सत्तेच्या अंतराचा भारताचा गुणांक ७७ आला, म्हणजे वरच्याला वरचा मानणं बरंच पक्कं. हा आकडा देशाचा आहे, एखाद्या माणसाला किंवा युनिटला लावायचा नाही. पण शेठना एवढं समजायला पुरे की खालून वर जाणं इथे आपोआप होत नाही. आणि आपल्याकडे सगळ्यांना "भाई" म्हणतात म्हणून अंतर नाही असं समजू नका. मीटिंगमध्ये कोण कुणाचं बोलणं मधेच तोडतो ते मोजा, अंतर तिथे दिसतं.

उपाय उलटा: शेठनी खाली जायचं. रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, दोन मशीनवर. प्रश्न ठरलेले: आज काय अडतंय? काल काय अडलं होतं? माझ्याकडून काय हवंय? जागच्या जागी हुकूम सोडायचा नाही, नाही तर सुपरवायझरची किंमत जाते. वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी बोर्डवर उत्तर: झालं, अमुक तारखेला होईल, किंवा होणार नाही आणि का. "होणार नाही, कारण..." हे उत्तरही चालतं. उत्तरच नाही, हे चालत नाही. आणि सकाळचा पहिला प्रश्न बदलायला सांगा: "काल आत किती पकडलं?"

बाप-लेकांबद्दल. दोघांना एकमेकांशी बोलायला सांगून फारसं निघत नाही. एका पानावर रोजच्या दहा-बारा निर्णयांची यादी करा: माल थांबवणं, थांबलेला सोडणं, ओव्हरटाइम, रजा, खरेदी, नवी भरती, जॉबवर्क बाहेर देणं. प्रत्येकासमोर एकच नाव. थांबलेला माल सोडायचा अधिकार क्वालिटीच्या प्रमुखाचा. शेठ किंवा मुलगा तो उलटवू शकतात, मालक आहेत, पण लेखी, सहीने, त्याच दिवशी. फोनवर नाही. सही करायला लागली की किती वेळा मन बदलतं ते बघा.

---

व्हर्नियर

नवीन मुलांचं सांगतो. शेवटच्या दिवशीच्या मुलाखतीला किंमत नाही, हिशेबाचे पैसे अडकलेले असताना कुणी खरं बोलत नाही, "घरची अडचण" लिहून जातो. पैसे मिळाल्यावर महिना-दीड महिन्याने फोन करा, शक्यतो त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडून, आणि दोनच प्रश्न: सोडायचं कधी मनात आलं आणि त्या दिवशी काय झालं होतं? तारीख मिळाली की हजेरीशी ताडून बघा. बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांतला एखादा दिवस निघतो. बूट मिळाले नाहीत, लॉकर नाही, जेवायला कुणाबरोबर बसायचं माहीत नाही, शिकवायला नेमलेल्या माणसाला स्वतःचं टार्गेट होतं म्हणून त्याने शिकवलं नाही, पहिला पगार सांगितल्यापेक्षा कमी आला आणि कशाचे कापले ते कुणी समजावलं नाही.

यातलं शिकवणाऱ्याचं टार्गेट सगळ्यात महाग पडतं. ज्याच्याकडे नवीन मुलगा दिला त्याचं टार्गेट पहिले दोन आठवडे कमी करा, साधारण पाव भाग, आणि मुलगा तीन महिने टिकला तर शिकवणाऱ्याला ठरलेली रक्कम द्या. नव्याला अडाणी प्रश्न विचारायची मुभा कागदावर नसते, ती शिकवणाऱ्याच्या वेळेत असते.

अहमदाबादचं एक उदाहरण इथे बसतं. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात काम केलं. माग नवे होते, कामाची वाटणी काटेकोर मोजून केलेली होती, तरी उत्पादन वाढत नव्हतं. प्रत्येकाचं तुकड्याचं काम, आणि एका मागाला शेवटपर्यंत जबाबदार असा कुणीच नाही. छोटे गट करून ठरावीक माग त्यांच्याकडे सोपवले, गट कामगारांनी स्वतःच जुळवले, आणि कार्यक्षमता वाढली, खराब कापड घटलं. तुमच्याकडे प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं तेच आहे. एका सेलला चार-पाच मशीन, त्यांचा सेटर आणि त्यांचाच इन्स्पेक्टर एकत्र द्या, आणि महिन्याचा आकडा एकच ठेवा: बरोबर निघालेले आणि वेळेत गेलेले पीस. इन्स्पेक्टरची नेमणूक आणि बढती मात्र क्वालिटीकडेच ठेवा, नाही तर तो पहिल्याच महिनाअखेरीला वाकेल.

---

प्रतापनगर

नवरात्राचं. बडोद्यात गरबा आहे म्हटल्यावर दुसरी शिफ्ट भरणार नाही, हे दरवर्षी माहीत असतं आणि दरवर्षी आश्चर्य वाटल्यासारखं करतात. रजा कशी मिळते तेच तुमच्या कंपनीचं खरं नियमपुस्तक. सुपरवायझरच्या मर्जीतल्याला मिळते, नव्याला "तुला काय गरबा" म्हणून नाही, हे नव्याने एकदा पाहिलं की त्याने कंपनी ओळखली.

तीन आठवडे आधी नऊ रात्रींचा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येक रात्री किमान किती माणसं लागतील तो आकडा वर लिहा. प्रत्येकाने आपल्या हव्या त्या रात्री मागायच्या, आणि जास्त मागण्या आल्या तर चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर. बिहार आणि पूर्व यूपीची मुलं असतील तर त्यांना छठ आणि होळीला घरी जायचं असतं. नवरात्रात त्यांनी रात्री भरायच्या आणि छठला स्थानिकांनी, ही अदलाबदल तक्त्यावरच नावानिशी लिहून घ्या. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, त्यामुळे युनिट लाभपांचमेला (दिवाळीनंतर पुन्हा काम सुरू करायचा गुजराती मुहूर्त) उघडतं तेव्हा ही मुलं हमखास गायब असतात आणि "न सांगता गेला" म्हणून नाव कापलं जातं. हे आधीच लिहिलेलं असेल तर परत येणारी मुलं वाढतील. ठेकेदाराच्या माणसांनाही याच तक्त्यात घ्या. त्यांना वगळलंत तर अदलाबदलीला माणसंच पुरणार नाहीत.

कन्सल्टंटला नाही म्हणायची गरज नाही, पण कोटेशनमध्ये बदल मागा. भरलेले कागद कंपनीकडे येणार नाहीत आणि मोजून झाल्यावर नष्ट होतील, हे लेखी. प्रश्न पंधरा-वीस, तुमच्या गटातून निघालेल्या मुद्द्यांवर. निकाल दोन्ही शिफ्टना त्याने स्वतः येऊन सांगायचा. वर्कशॉपचे पैसे काढून त्याच रकमेत सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा. आणि शेठना अहवाल द्यायच्या दिवशी मुलगाही त्याच खोलीत हवा. दोघांना वेगवेगळं सांगायला तो तयार झाला तर दुसरा कन्सल्टंट बघा.